शोफेकाकांची खुर्ची

शोफेकाकांपुढे कुणालाही एकट्याने तक्रार करता येत नसे. वरच्या मजल्यावरची जर्मन बाई मिक्सरवरून भांडते, असं सांगायला एक पुणेकर जोडपं त्यांच्याकडे गेलं. काकांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि वर जाऊन त्या बाईंनाच खाली घेऊन आले. दोन्ही बाजू ऐकल्यावर म्हणाले, "सकाळी सहाला चटणी वाटता. बाईंचं बरोबर आहे." त्या वर्षी त्या जोडप्याने काकांना फराळाला बोलावलं नाही.

शोफे हे त्यांचं आडनाव नव्हे. जर्मनीत ज्युरी नसते. गंभीर फौजदारी खटल्यात न्यायाधीशांच्या शेजारी दोन सामान्य नागरिक बसतात आणि निकालात त्यांच्या मताला न्यायाधीशांइतकंच वजन असतं. त्यांना शोफे म्हणतात. गिअरबॉक्सच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या काकांनी त्याआधीच भारतीय पासपोर्ट परत करून जर्मन नागरिकत्व घेतलं होतं. २०१४ पासूनच्या मुदतीसाठी त्यांची नेमणूक झाली.

त्या मुदतीत त्यांच्यापुढे एका मराठी विद्यार्थ्याचा खटला आला. भांडणात त्याने एकाच्या डोक्यात बाटली घातल्याचा आरोप होता. काका त्याला ओळखत नव्हते. मुलाची आई नगरहून आली होती. पहिल्या दिवशी सुनावणीआधी कॉरिडॉरमध्ये दोन्ही शोफे उभे होते. ते कोण हे कळताच ती दोघांच्याही पाया पडली. आधी हेर (म्हणजे श्रीयुत) लांगे यांच्या, कारण ते जवळ होते. लांगे हे निवृत्त ट्रामचालक. बाईंचं काही पडलं असावं असं वाटून तेही वाकून शोधू लागले. मग ती काकांकडे वळली. काका मागे सरले, पण तोवर नमस्कार झाला होता.

सरकारी वकिलांनी काकांवर पक्षपाताच्या शंकेचा आक्षेप घेतला. लांगे यांच्यावर घेतला नाही. काकांनी लेखी निवेदन दिलं : "बाई माझ्या पाया पडल्या. त्याआधी हेर लांगे यांच्या पडल्या. त्या आम्हा दोघांनाही ओळखत नाहीत." न्यायालयाने लांगे यांना ठेवलं आणि काकांना काढलं. आरोपी आणि काका एकाच वंशाचे, म्हणून त्यांच्या बाबतीत नमस्काराला वेगळा अर्थ आहे, असं कारण दिलं. काका "आल्झो", म्हणजे "बरं तर", म्हणाले, डबा उचलला आणि घरी आले. त्यांच्या जागी बदली शोफे बसला. मुलाला तुरुंगवास झाला.

काकू चिडल्या होत्या. "अहो, इतकी वर्षं कर भरतोय आपण. एक खुर्ची देववत नाही यांना?"

"खुर्ची माझी नव्हती गं," काका म्हणाले. "त्या मुलाची होती. मी तिच्यावर बसणार होतो, एवढंच."

मराठी मंडळाच्या चिटणिसांनी निषेधाचं पत्र काढायचं ठरवलं. जाता जाता त्यांनी डोळा मारला, "खरं सांगा काका, तुम्ही पोराला सोडलंच असतं ना?"

"मी पुरावा ऐकलेला नाही," काका म्हणाले. त्यांनी पत्रावर सही केली नाही.

काढल्याविरुद्ध काकांना अपील करता येत नव्हतं, आरोपीला येत होतं. त्याच्या वकीलबाईंनी सगळा भर एकाच मुद्द्यावर दिला : नमस्कार दोघांना, आक्षेप एकावर. वरच्या न्यायालयाने तो मान्य केला. वंशावरून शोफेला उठवणं ही मनमानी आहे, आरोपीला कायद्याने नेमलेलं न्यायपीठ मिळालंच नाही, असं म्हणून निकाल रद्द केला. फेरखटला दुसऱ्या पीठापुढे चालला. त्यात काका नव्हते. मुलगा पुन्हा दोषी ठरला आणि शिक्षाही जवळपास तेवढीच झाली.

आई परत जाण्याआधी काकांना भेटायला आली. "भाऊ, मग एवढं करून मिळालं काय?"

"ताई, आधी तो नुसता तुरुंग होता," काका म्हणाले. "आता ती शिक्षा आहे."

काकूंनी तिला प्रवासासाठी पोळीभाजी बांधून दिली.

काका २०१९ च्या हिवाळ्यात गेले. अंत्यविधीला लांगे आले होते. अपिलाच्या निकालानंतर दोघं पुन्हा एका खटल्यात शेजारी बसले, त्या दिवसाची हकिकत त्यांनी सांगितली. आरोपी गावातलाच एक सुतार होता. सुनावणी सुरू होताच काकांनी हात वर केला. न्यायाधीशबाईंनी त्यांना बोलायला सांगितलं.

"आरोपी जर्मन आहे," काका म्हणाले. "मीही जर्मन आहे. कुणाचा आक्षेप असेल तर आत्ताच घ्यावा."

न्यायाधीशबाईंनी सरकारी वकिलांकडे पाहिलं, मग बचावाच्या वकिलांकडे. कुणाचाच आक्षेप नव्हता. तशी नोंद झाली आणि पहिल्या साक्षीदाराला आत बोलावलं.