देवाच्या फळीखालचे कांदे

देवाच्या फळीखाली कांदे नकोत म्हणून मी एकदा अख्खं घर आतल्या आत फिरवलं, आणि दुपारपर्यंत ते घर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत जाऊन पडलं. वाढवून सांगत नाही. घराला चाकं होती.

परवा नातीनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. ऑस्ट्रेलियातलं कुठलंसं गोरं जोडपं, लाल मातीचा रस्ता, आणि त्यांच्या गाडीमागे बांधलेलं एक घर. आत पलंग, गॅस, खिडकीला पडदे. नात म्हणाली, "आजी, काय भारी लाइफ आहे ना यांची?" मी म्हटलं, "हा तं आपलाच मुरूम. आन असं घर माह्याजवळबी होतं. पडदे तेवढे नव्हते." तिला वाटलं, आजी फेकते. तिचाही दोष नाही. तिनं मला खाटेवर बसलेलीच पाहिलंय. ती खाट मी काही दिवस ओसरीत, काही दिवस मागच्या अंगणात आणि मन उडालं की थेट फाटकाजवळ नेते, एवढाच काय तो आता माझा प्रवास.

त्या वेळी मी चाळिशीच्या अलीकडे होते आणि मला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता.

आमचा धंदा मंडईचा, म्हणजे गावजत्रेचा. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस निराळा. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, नाचगाण्याची दंडार होते, नाटक उभं राहतं, आणि या सगळ्या लोकांना भजे आणि जिलेबी लागते. आमचे हे जुन्या जीपमध्ये भट्टी टाकून दिवाळीपासून शिवरात्रीला भरणाऱ्या आमच्याकडच्या प्रतापगडच्या यात्रेपर्यंत फिरत असत. मी आमगावात. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी रेल्वेच्या लाइनकडे उघडते. गाडी आली की मी उठून बघायची. मालगाडी असली तर डबे मोजत बसायची, आणि तव्यावरची पोळी करपायची. सासू दारापुढच्या ओट्यावर ताट पुढ्यात घेऊन विचारायची, "काऊन व, आज कोणती गाडी गेली? पोळी काळी दिसते."

शेवटी मी ह्यांच्या मागे लागले की मीपण येते. हे म्हणाले, निजशील कुठं? मी म्हटलं, घर बांधा चाकांवर. खरंच बांधलं. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं दोन चाकांची ट्रॉली केली, टिनाच्या भिंती, वर छप्पर. बाजूचा पत्रा वर उचलला की दुकान. दार मागे, आणि दाराशी आमचा बिछाना. समोरची, म्हणजे जीपकडची भिंत तेवढी सलग होती. जड सामान त्या भिंतीला लागून ठेवायचं, वजन हूकाकडे पाहिजे, असं वेल्डिंगवाल्यानं बजावलं होतं. ह्यांनीही सांगितलं होतं. मी मान हलवली होती. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

राहिली सासूची परवानगी. सासू अंगानं भक्कम. ओट्यावर बसली की दुसऱ्या कोणाला जागा उरत नसे, आणि सकाळी एकदा बसली की दिवे लागेपर्यंत उठतही नसे. सगळं ऐकून म्हणाली, "जा. तुहा पोरगा राहील माह्याजवळ. पण घर म्हणून नेऊन राहिली ना, मंग देवबी ने. रोज दिवा लावजो. देवाखाली कांदा-लसूण, खरकटं काही ठेवजो नोको."

"नाही ठेवत, आत्याबाई."

"आन गाडीले काही झालं, तं समजजो, देवालेच तुहं फिरणं पसंत नाही. मंग घरी बसाचं. पुन्हा नाव काढाचं नाही."

मी लगेच हो म्हटलं. घराबाहेर पडायला मी तेव्हा कशालाही हो म्हटलं असतं.

आता खिळा ठोकायला सलग भिंत एकच, समोरची. तिथं देवाची फळी लागली. आणि फळीच्या बरोबर खाली भट्टी, तेलाचे पिपे, बेसनाची पोती, बटाटे आणि दोन भरगच्च पोती कांदे. पहिल्या दिवशी दिवा लावताना खाली पाहिलं आणि सासूचा शब्द आठवला. मी कांद्यांवर जुनं लुगडं टाकलं. देवाला दिसू नये म्हणून. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी ते लुगडं रोज सकाळी सारखं करायची.

फिरण्याचं सुख काय सांगू. आज या गावी, उद्या त्या गावी. कच्चे रस्ते, नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेची वाट, मुरुमाचा लाल धुरळा केसांत. एका ठिकाणी दुसरा दिवस उजाडला की माझे तळवे वळवळायला लागत. पण त्याच आठवड्यात दोनदा चाक पंक्चर झालं. ह्यांनी खिळे काढून दाखवले. मला खिळे दिसलेच नाहीत, मला दिसले कांदे. म्हटलं, झालं, देवाला लुगड्याआडचं कळलं. आता काही मोठं मोडणार आणि मी परत त्या खिडकीत.

त्या दिवशी चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या एका गावात मंडई होती. दुसऱ्या पंक्चरमुळे आम्ही गोरेगावच्या पुढे रस्त्याकडेला थांबलो होतो, चाक काढायला ट्रॉली जीपपासून सोडली होती. हे कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून ट्यूब दुरुस्त करायला गेले. मला म्हणाले, "बसून राय. मी आलोच."

बसून राहा. मला.

ते वळणाआड गेले न गेले तोच मी कामाला लागले. भट्टी ओढत ओढत मागे नेली. पिपे मागे, पोती मागे, मोठी कढई मागे, कांदे तर पार दाराला टेकवले. बिछाना उचलून समोर, देवाच्या फळीखाली. झाडलं, पाणी शिंपडलं, उदबत्ती लावली, टिनावर चार बोटांची रांगोळीसुद्धा काढली. अंगाला घामाच्या धारा, पण मनात गार वाटलं. हे परत आले तोवर मी दार लावून बाहेर हात पुसत उभी.

चाक बसवलं. ट्रॉलीचा हूक रोज आम्ही दोघं मिळून उचलायचो, तेव्हा कुठं तो जीपला लागायचा. त्या दिवशी मी एका हातानं उचलला. ह्यांनी डोळे बारीक केले.

"हे आज हलकं काऊन लागून राहिलं?"

"देवाची कृपा," मी म्हटलं.

मी ते मनापासून म्हटलं होतं. तेच तर जास्त वाईट. बाई, तुझ्या हातात हूक असा फुलासारखा आला, तर एकदा तरी विचार कर की वजन गेलं कुठं? नाही. मी मनातल्या मनात नारळ कबूल केला.

आधीच उशीर झाला होता. ह्यांनी फार चौकशी केली नाही. नहराच्या कडेचा मुरुमाचा रस्ता लागला. ट्रॅक्टरांनी त्याची पन्हाळी पत्र्यासारखी गत केली होती, सारखी खडखड. आधी जीप मागून उचलल्यासारखी वाटायला लागली. मग ट्रॉली डोलायला लागली, म्हशीच्या शेपटासारखी, इकडून तिकडे.

"मागं काय होऊन राहिलं पाय बरं," हे म्हणाले.

मी मान बाहेर काढली. "काही नाही. डुलून राहिली."

"कायले डुलून राहिली?"

तेव्हा पहिल्यांदा मला तो हलका हूक आठवला. ह्यांनी ब्रेक दाबला. तो दाबायचा नसतो, हे नंतर कळलं. ट्रॉलीनं एक मोठा हिसका दिला, हूकाची पिन तुटली, आणि माझं घर आम्हाला सोडून शांतपणे डाव्या हाताला उतरलं. धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडला, कापलेल्या बांधीत थोडं पळालं आणि धानाच्या भाऱ्यांच्या एका पुंजण्याच्या अलीकडे मागच्या अंगावर बसलं. हूक आभाळाकडे. दार उघडून सगळे कांदे बांधीभर.

तिथं बाया धानाचे भारे बांधत होत्या. त्यांतली एक म्हातारी विळा कमरेला खोचून पुढे आली. तिनं ट्रॉलीकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "बाई, मंडई तं गावात हाय. इकडे काऊन आणली?"

बाकीच्या बाया हसल्या. मलाही हसू येत होतं आणि रडूही. हे आत वाकून बघून आले. देव फळीवर जागच्या जागी, गादी घसरत जाऊन बेसनावर बसलेली.

"वजन मागं कोणं नेलं?"

"मी."

"कायले?"

"देवाखाली कांदे होते."

 ह्यांनी खाली वाकून एक कांदा उचलला, पुसला आणि पोत्यात टाकला. रागावले असते तर बरं झालं असतं.

हे ट्रॅक्टर शोधायला गावात गेले. मी बसले नाही. बसले असते तर त्या खिडकीचाच विचार करत बसले असते. कांदे वेचले, भट्टी सरळ केली, वाचलेल्या तेलात भजे काढले आणि बायांना दिले. खाताना त्यांनी विचारलं, आता उद्या कोणत्या गावी? मी म्हटलं, घरी. आणि पुढचा घाणा सोडायला वळले.

ट्रॅक्टरमागे बांधून ट्रॉली आमगावला आणली. वाटेत हे म्हणाले, "मायले सांगू, खड्डा होता."

"आन त्यायनं आत पायलं तं?"

"माय कायले चढते त्याच्यात. ओट्यावरून उठत नाही."

सासू उठली. आम्ही फाटकात शिरलो तशी ओट्यावरून उतरली, ट्रॉलीचा पिचका पत्रा हातानं चाचपला आणि हे काही म्हणायच्या आत दाराला धरून आत चढली. ट्रॉली करकरली. ती आत किती वेळ होती कोण जाणे. पलीकडून मालगाडी गेली. मी डबे मोजले नाहीत.

आतूनच तिनं विचारलं, "देव हाय तिथंच होता?"

"हो, आत्याबाई."

"आन कांदे?"

"मागं नेले होते. सगळंच जड मागं नेलं. समोर वजन कमी पडलं, म्हणून डुलली."

"माय, तिथं एक खड्डा होता," हे म्हणाले.

"तू चूप बस." सासू दारात आली. दाराची चौकट भरून गेली. मी खाली बघत उभी होते, पायानं माती उकरत. सगळा हंगाम पुढे पडला होता, आणि तो मी तिच्या तोंडातून निघायच्या शब्दावर टांगला होता.

ती म्हणाली, "एवढी भट्टी ओढत मागं नेली, तं देवच उचलून मागं ठेवाचा होता ना व. त्याले का वजन हाय? आता येत्या मंडईले तसंच कर. आन समोर वजन कमी पडते म्हणतेस, तं मले बसव तिथं. मी तरी किती वर्सं या ओट्यावर बसून राहू."