दिवे घाटात वैजूचा टर्बो

वैजनाथने दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि एसी बंद करायला हात पुढे केला, तर मागून आप्पासाहेब ओरडले, "ए, हात काढ! एसी चालू ठेवून चढायचं ठरलंय."

दिवे घाटाचा निम्मा चढ अजून बाकी होता आणि टेंपरेचरचा काटा वर सरकत होता.

गाडी वैजूची स्वतःची. पेट्रोलवाली, आयटीतल्या पोरांना आणून-सोडून अडीच लाख किलोमीटर पळालेली. लोक असल्या गाड्या भंगारात घालतात. हा परभणीचा गडी तिला टर्बो लावून बसला. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर फिरणारा पंखा; तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. दमलेलं इंजिन तेवढ्याने फुटूही शकतं. म्हणून वैजूने आधी पिस्टनच्या रिंगा बदलल्या, गॅस्केट नवं टाकलं, टर्बोची हवा बेतानेच ठेवली. कुणी म्हणालं, "अजून वाढव ना दादा," की तो म्हणायचा, "तुझ्या बापाच्या गाडीची वाढव." येडा म्हणणारे भरपूर होते. म्हणू दे.

विश्रांतवाडीतलं त्याचं गॅरेजचं शेड आप्पांच्या जागेवर. आप्पा धानोरीचे, मूळचे शेतकरी. त्यांना शेड फरशीवाल्याला द्यायचं होतं. वैजू म्हणाला, जुन्या गाड्यांना टर्बो लावायचं काम काढतो, लांबून गिऱ्हाईक येईल. आप्पा म्हणाले, "दसऱ्याला दिवे घाट चढवून दाव. चार माणसं, एसी चालू. चढली तर शेड तुझं. नाय चढली तर दिवाळीआधी खाली कर."

आणि आता इंजिनातून टकटक यायला लागली. हा आवाज म्हणजे आत जाणारी हवा तापलीय. अजून दाबलं तर पिस्टन गेला. त्याने गाडी कडेला घेतली.

"झालं?" शेजारी बसलेली त्याची बायको प्रियदर्शनी म्हणाली. "मी सांगत होते, रिक्षा घे."

"तू गप गं."

तो उतरून पुढे गेला आणि बघतच राहिला. बंपरवर झेंडूचा हार. मनगटाएवढा जाड, मध्ये आपट्याची पानं. आप्पांच्या बायकोने, सोजरबाईंनी, सकाळी पूजेला स्वतः ओवून आणलेला. तो बरोब्बर त्या जाळीवर आवळला होता, जिच्यातून टर्बोची तापलेली हवा गार होऊन आत जाते. वाराच लागत नव्हता. बांधताना दुसरं टोक वैजूनेच धरलं होतं!

"आप्पा, हार आडवा आलाय."

"व्वा! आता फुलांवर ढकल."

"आईशप्पथ, आप्पा."

"मग काढ की."

वैजूचा हात काही उठेना. दसऱ्याचा, पूजा झालेला हार भर रस्त्यात काढायचा? तोही सोजरबाई काचेतून बघत असताना?

सोजरबाईच खाली उतरल्या. "काय बघत बसलाय रं? देव काय गाडीच्या नाकात बसलाय व्हय?" त्यांनी तार सोडवली, हार टपावरच्या कॅरिअरवर टाकला. "अहो, तिकडनं बांधा."

आप्पांनी मुकाट बांधला.

काटा खाली आल्यावर वैजूने गाडी काढली. टर्बोने बारीक शीळ घातली आणि गाडीने असा उठाव घेतला की पुढचा टेम्पो बघता बघता मागे पडला. टकटक नाही. काटा जागचा हलला नाही. गाडी घाटमाथ्यावर पोचली.

मग आप्पा म्हणाले, "एसी कमी कर जरा. हिला थंडी वाजतीय."

"आणि शेडचं?"

"दार नीट बसवून घे. उंदरं शिरत्यात."

प्रियदर्शनी खिडकीबाहेर तोंड करून हसली.

दिवाळीत तिने सांगितलं ते ऐकून वैजू गारच पडला. खंडेनवमीची पूजा उरकल्यावर तिने शेजारच्या पंक्चरवाल्याला हाताशी धरून जॅक, इंजिन उचलायचा चेनब्लॉक आणि पान्यांच्या पेट्या डिकीत भरल्या होत्या. शेड गेलंच तर हत्यारं तरी आपल्या ताब्यात राहावीत म्हणून. दसऱ्याच्या संध्याकाळी गुपचूप परत नेऊन ठेवल्या. म्हणजे घाट चढताना गाडीत चार माणसं होती आणि मागे अख्खं गॅरेज.