घासाबरोबरची गोळी

पंगतीत शेजारचा माणूस खाजवायला लागला की तुम्ही सरकून बसता की नाही? खोटं बोलू नका. सगळेच सरकतात.

सोनगीरचा रुपचंद नाना धुळ्यात धान्याच्या आडतीवर हमाल. त्याच्या किडन्या निकामी होत चालल्यात हे फक्त बायकोला, सविताला ठाऊक. हमालांच्या टोळीला कळलं तर पाठीवर पोतं कोण देणार? म्हणून डॉक्टरनं जेवताना चावून खायला दिलेली गोळी नाना पहाटेच, उपाशीपोटी, घरात उरकायचा. दुपारी सगळी टोळी एका फडक्यावर भाकरी सोडते. चारचौघांत गोळी काढायची कशी?

अंगाची खाज मात्र लपेना.

"नाना, जरा तथा सरक! तुनी खरूज बठ्ठासले लागी जाई," टोळीतला भटू पलीकडं बोट दाखवत, सगळ्यांकडं बघत खिदळला.

"हा भो, खरूजच शे," म्हणत नाना फडक्याच्या टोकाला सरकला. मोठी लाज झाकायला त्यानं धाकटी लाज पांघरली.

मग एक दिवस तुरीचं पोतं घेताना खांद्याचं हाड वाळल्या काडीसारखं मोडलं. भटूनंच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सविता धावत आली.

"गोळी घेतात ना?" डॉक्टरनं विचारलं.

"रोज उपाशीपोटी! एक दिवस चुकली नही," सविता ऐटीत म्हणाली.

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "अहो ताई, ती गोळी अन्नातला फॉस्फरस पोटातच धरते. त्यांच्या किडनीला तो बाहेर टाकता येत नाही. रक्तात साठला की खाज सुटते, आणि रक्ताचा मेळ राखायला शरीर हाडांतला चुना, म्हणजे कॅल्शियम, ओढून घेतं. रिकाम्या पोटात गोळी धरणार काय?"

सविताचा चेहरा उतरला. भटू दारातच होता. नानानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"नाना, माले कसाले नही सांगं?"

"खरूजले लोके हासतस. किडनीवालाले पोतं कोन देई?"

उत्तर भटूलाही ठाऊक होतं.

आता टोळीनं आडत्याशी भांडून नानाला वजनकाट्याजवळ बसवलंय. जेवताना भटू त्याला खेटून बसतो. तरी गोळी तोंडात टाकताना नाना अजून मान वळवतो, चोरी केल्यासारखा. ही लाज आजारानं नाही दिली, आपण दिली. तेव्हा तुमच्या पंगतीत असा कोणी असेल तर सरकू नका. खेटून बसा आणि म्हणा, "नाना, गोळी काढा, जेवू."