अध्यक्षांनी शेवटी बोलावं

संचालक मंडळांनी बैठकीत कसं वागावं, हे शिकवण्यावर माझं घर चालतं. शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या कारखान्यांत बाप अध्यक्ष, मुलगा संचालक, जावई संचालक. सगळे मान हलवायला जमलेले. त्यांना मी एकच औषध देते, अध्यक्षांनी सगळ्यांच्या शेवटी बोलावं. गुण हमखास येतो आणि मला त्याचा थोडा ताठाही आहे.

आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, पुरानी बस्ती मोहल्ल्यातल्या मराठी संस्थेचे अध्यक्ष माझे सख्खे काका. संस्थेची एक मराठी बालवाडी आहे, आणि काकांचा सगळा जीव तिच्यात. तिथली रीत अशी की बैठकीत आधी सर्वांत वडीलधाऱ्यानं बोलायचं, मग बाकीच्यांनी "बरोबर आहे" म्हणून चहा घ्यायचा. यंदा काका स्वतःच म्हणाले, "जगाले शिकवत फिरतेस, आमाले बी शिकव ना."

मी शिकवलं. त्या रविवारी विषय नेमका बालवाडीचा होता. काका हाताची घडी घालून गप्प बसले. मग संस्थेच्या तरुण सचिवबाई हिंदीतच म्हणाल्या, "काकाजी, सच कहूँ तो अब बच्चे ही नहीं मिलते. मैंने भी अपनी बेटी को नहीं भेजा."

मग सगळेच बोलू लागले. बालवाडी बंद करावी, खोली कोचिंग क्लासला द्यावी. कुणी उद्धटपणे बोललं नाही; बोललं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं इतकी चांगली बैठक मी क्वचितच पाहिली असेल, आणि मला ती तिथल्या तिथे मोडून टाकावीशी वाटत होती.

काकांची पाळी आली. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, "ठीक आहे" म्हणाले आणि ठरावावर सही केली.

परतताना गाडी चालवता चालवता मला रडू येत होतं. "काका, तुमाले लय वाईट वाटलं ना?"

"वाईट काहून वाटन? खरं बोलले ते." ते खिडकीबाहेर पाहत राहिले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा हळूच म्हणाले, "इतके साल मले वाटे, सगळ्याइलेच पायजे आहे ती बालवाडी. मी एकटाच होतो वं."