व्हर्नाने शेकोटी विझवली

आमच्या शेजारची व्हर्ना लिंडक्विस्ट वर्षभर शाळेची बस चालवते आणि उन्हाळ्यात, मुलांच्या तळ्याकाठच्या शिबिरात, शेवटच्या संध्याकाळची शेकोटी. गेली सव्वीस वर्षं. जाळ उंच तोवर आरडाओरड्याची गाणी, जाळ बसला की गोष्ट, निखाऱ्यांवर एक हळू गाणं. नियम एकच, पण काळ्या दगडावरची रेघ: प्रत्येक नाटुकलं दुपारी आधी तिला दाखवायचं. लाकडं फोडायला मी असतो, त्यामुळे तिच्या शिव्यांची तालीम माझ्यावरच होते.

यंदा मोठ्या पोरांनी ओल्या स्लीपिंग बॅगचं नाटुकलं दाखवलं. त्याच सकाळी दहा वर्षांच्या ओरिनची रात्री झोपेत ओली झालेली बॅग दोरीवर वाळत होती; अख्ख्या शिबिराने पाहिली होती.

"हे होणार नाही. दुसरं बसवा," व्हर्ना म्हणाली.

पोरं गेली ती थेट ड्वेनकडे. हा शिबिर समितीचा नवा अध्यक्ष. बहुतेक शिट्टी गळ्यात घालूनच झोपतो. त्याने परस्पर हो म्हणून टाकलं.

जाळ ऐन भरात आला आणि पोरं बॅग पिळत गोलात शिरली. चाळीस माना ओरिनकडे वळल्या. त्या उजेडात त्याचा चेहरा लख्ख दिसत होता.

व्हर्ना उठली. शेकोटीशी पाण्याच्या दोन बादल्या ठेवलेल्या असतातच. दोन्ही ओतल्या. फस्सकन वाफ उठली आणि सगळं काळंकुट्ट.

"अगं, डोकं फिरलं का तुझं?" ड्वेन खोकत ओरडला. "अर्धा कार्यक्रम बाकी आहे!"

"संपला कार्यक्रम."

"पोरांनी जरा गंमत केली, तर—"

"पोरांनी नाही, तू केलीस. मी नाही म्हटलेलं तू हो केलंस. उद्या तुझ्या टकलावर नाटुकलं बसवते, बघू किती हसतोस!"

"माझा टॉर्च कुठाय?"

"लाव तर खरा! आधी टॉर्च तळ्यात जाईल, मग तू."

एरवी मी खो-खो हसलो असतो. पण तेवढ्यात अंधारात कुणीतरी तंबूकडे पळालं. ती पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत तिने कुणाला जागचं हलू दिलं नाही.

आठवड्याभरात समितीचं पत्र आलं. पुढल्या वर्षी शेकोटी ड्वेन करणार.

"माफी माग, परत घेतील," मी शहाणपणा शिकवायला गेलो.

"त्याने मागितली त्या पोराची?"

दार असं आपटलं की माझं नाक थोडक्यात वाचलं. नाक माझं, पण बरोबर तिचंच होतं.