खडूकाकांच्या सहा खुर्च्या

खरं सांगा, तुमच्या वॉर्डातली बाग कोणी आखली हे तुम्हाला माहीत आहे का? फीत कोणी कापली ते माहीत असतं, कारण ते दगडावर कोरलेलं असतं. आखणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. मलाही कधी पत्ता नव्हता. मला भांडून जागा सोडवता येते. पुढं झाडं आपली आपण उगवतात, अशीच माझी समजूत.

आमच्या दवाखान्यामागची जागा आम्ही दोन वर्षं भांडून पार्किंगच्या घशातून काढली. वॉर्ड कार्यालयानं अट घातली: वर्षभरात बाग दिसली पाहिजे, नाहीतर गाड्या परत आत. आखणीला कोणीतरी खडूकाकांचं नाव सुचवलं. अठरा वर्षं एका कचेरीत त्यांनी गटारांचे नकाशे काढले, मग नोकरी सोडून बागांकडे वळले. खिशात पेनाऐवजी खडू, म्हणून हे नाव.

पहिल्या दिवशी ते टेम्पो घेऊन आले. मला वाटलं, रोपं आली. उतरल्या सहा खुर्च्या, त्यांच्याच घरच्या, जेवणाच्या टेबलाच्या. जुन्या फरशीवर मधोमध मांडल्या आणि म्हणाले, "झालं आजचं काम."

"काका, बाग करायला बोलावलंय. हॉल सजवायला नाही."

"लोक त्या कुठं ओढतात ते बघू द्या."

"किती दिवस?"

"उन्हाळा, पावसाळा, हिवाळा."

माझं डोकंच फिरलं. मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "माझी पहिली बाग मी तीन आठवड्यांत उभी केली होती, ताई. हिरवळ, कारंजं, सगळं. बसायला कुत्रं फिरकलं नाही. दोन वर्षांनी तिथं गाड्या लागल्या, तेव्हा भांडायलाही कोणी आलं नाही."

मग हा माणूस दिवसभर करतो तरी काय, ते बघायला मी रोज चक्कर मारायला लागले.

सावलीच्या कडेनं ते खडूची रेघ ओढायचे, शेजारी वेळ लिहायचे. संध्याकाळी प्रत्येक खुर्चीच्या पायांना गोल काढायचे आणि सगळं वहीत उतरवून घ्यायचे. ऐन उन्हाळ्यात तिथल्या एकुलत्या तुतीखाली दाट सावली, पण तिथं एकही गोल नाही. सगळे गोल दवाखान्याच्या मागच्या दाराशी, रणरणत्या उन्हात.

"लोकांना अक्कल नाही," मी म्हटलं.

ते तुतीखाली जाऊन अर्धा तास बसून आले. "इथं नंबर पुकारलेला ऐकू येत नाही. माणूस ऊन सोसेल, नंबर नाही सोडणार."

पंधरा वर्षं मी त्या दवाखान्यात जातेय. माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं.

पावसाळ्यात पाणी जिथं साचलं, तिथलीच फरशी त्यांनी उखडली. "पाण्यानं जागा पसंत केलीय, आपण कशाला मोडता घालायचा?" तिथं अकरा रोपं लावली, काठ्यांना बांधली. पाऊस ओसरल्यावर उकिडवे बसून तण काढलं, बुडाशी वाळल्या पानांचा थर दिला. एकदा काकू खुर्च्या बघायला आल्या. एकीवर बसून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "घरी पाहुणा आला की त्याला उभं करून चहा देते. म्हणते, आमचे हे संशोधन करतायत."

हिवाळा आला. तपासणी आठ दिवसांवर. रोपं गुडघ्याएवढी, झाड म्हणायला तेवढी तुती. सकाळी जाऊन बघते तर काका शिडीवर, हातात करवत, आणि खाली फांद्यांचा ढीग.

"अहो, एक झाड होतं दाखवायला, तेही बोडकं केलंत?"

"बोडकं कुठं? प्रत्येक फांदीवर तीन डोळे ठेवलेत, कोंब तिथूनच फुटतील. तुमच्यापेक्षा एक डोळा जास्तच आहे, ताई."

मग खाली उतरून त्यांनी वही उघडली. हिवाळ्यात सूर्य खाली येतो, तुतीची सावली लांबत दारापर्यंत जाते, आणि सकाळी तिथं कुडकुडत कोणी बसत नाही. गेल्या पंधरा दिवसांत दाराशी एकही गोल नव्हता.

तपासणीच्या दिवशी साहेबांची गाडी सवयीनं सरळ आत वळली. दाराशी आता कोवळं ऊन पडलं होतं. सहाही खुर्च्या भरलेल्या, बाकीचे फरशीवर पाय पसरून. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पायाला प्लास्टर घातलेल्या एक बाई मानही न वळवता म्हणाल्या, "गाडी रस्त्यावर लावा. इथं माणसं बसलीत."

गाडी मागं गेली. साहेब चालत आले. रोपं मोजली, 'काम अपूर्ण' असं लिहिलं. मग त्या बसलेल्या लोकांकडे जरा वेळ बघत राहिले आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुदत.

म्हणजे जागा अजून वाचलेली नाही. काका नकाशा काढायला बसलेत, पण संध्याकाळी गोल काढायला ते पोचायच्या आत कोणीतरी सभ्य माणूस खुर्च्या उचलून भिंतीशी ओळीनं लावतो आणि दिवसभराची नोंद बुडते. मी सहसा कोणाला हात जोडत नाही, पण तुम्हाला जोडते. दवाखान्यात आलात तर मागं येऊन बसा, हवी तिथं खुर्ची ओढा, आणि उठल्यावर ती तिथंच राहू द्या.