आंतोनचं नाक

आंतोन वाइनचा ग्लास आधी कानाशी न्यायचा, मग नाकाशी. "आधी ऐकायचं, आत कोण कोण बसलंय," म्हणायचा.

पॉइंट कुक या ऑस्ट्रेलियन उपनगरात त्याचं नि आमचं एकच कुंपण. मूळचा वसईचा, आमच्याच धर्मग्रामातला, म्हणजे एकाच चर्चचा. इथं परदेशी वाइन मागवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. लॉकडाउनमध्ये दर शनिवारी दुपारी कुंपणापलीकडे तो, अलीकडे मी आणि माझी बायको सँड्रा. बाटलीला कागदी पिशवी चढवायची आणि वासावरून ओळखायचं. मी ऑनलाइन कोर्स करून सर्टिफिकेट भिंतीवर लावलं होतं. ओळखायचा मात्र तोच.

त्याचा जीव दक्षिण फ्रान्समधल्या लांगदॉकच्या लाल वाइनवर. ती तीन-चार जातींची द्राक्षं मिसळून करतात. "एकट्या द्राक्षाला तोरा असतो, मेल्या," तो सांगायचा. "इथं ग्रेनाश गोड बोलते, सिरा आवाज चढवतो, मूरवेद्र कोपऱ्यात बसून दोघांना सांभाळतो. एकत्र कुटुंब आहे!"

सँड्रा खूश. "कोर्स तू केलास, नाक देवानं त्याला दिलं," म्हणायची. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू? त्यात त्याचा साहेब त्याला गोदामातून काढून टेस्टिंगच्या, म्हणजे वाइन चाखून पारखण्याच्या कामावर घेणार, अशी बातमी आली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मधे आंतोन कोविडनं आडवा झाला. बरा होऊन पुन्हा कुंपणाशी आला, तेव्हा मी डाव टाकला. माझ्या वाढदिवसाला त्यानंच दिलेली लांगदॉकची रिकामी बाटली जपून ठेवली होती. तिच्यात पाच लिटरच्या खोक्यातली सगळ्यात स्वस्त वाइन भरली आणि म्हणालो, "आज ओळखू नको. नुसती कशी आहे ते सांग."

त्यानं ग्लास कानाशी नेला नाही. नाकाशी मात्र बराच वेळ धरला. "व्वा. सगळं कुटुंब हजर आहे."

"अरे, खोक्यातली आहे ती!" मी टाळी वाजवली. सँड्रा हसली नाही.

आंतोननं ग्लास खाली ठेवला. "महिना झाला रे, कसलाच वास येत नाही. परवा कालवण करपलं, धूर दिसला तेव्हा कळलं. साहेबाला कळलं तर टेस्टिंगचं काम गेलं." मग म्हणाला, "तू दिलीस म्हणजे चांगलीच असणार, म्हणून बोललो."

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

पुढच्या शनिवारपासून मी हुंगून सांगायचं, त्यानं ऐकायचं, असं सुरू झालं. मी "ब्लॅकबेरी, लेदर" म्हटलं की तो वैतागायचा. "कोर्स राहू दे. घरचं सांग."

मी डोळे मिटले. "जांभळं. कोऱ्या चपला. आई मसाला कुटायची, त्या दिवशीचं घर."

"मूरवेद्र जास्त घातलंय," तो म्हणाला. मी पिशवी काढून मागचं लेबल वाचलं. बरोबर! नाक माझं, आणि ओळखलं पुन्हा त्यानंच.

पुढे ते काम त्याला मिळालं, राज्यांच्या सीमा उघडल्यावर तो पर्थला गेला. पण मला आठवतो त्याआधीचा एक शनिवार. मी ग्लासात नाक खुपसून शब्द शोधत होतो आणि आंतोन एकदम ओरडला, "अरे, तुझं कालवण करपतंय!"

मी आत धावलो. पातेलं काळं झालं होतं. बाहेर सँड्रा आनंदानं रडत होती. मलाही रडू आलं, आणि रडता रडताच पोटात पुन्हा दुखलं, इतक्या जवळ उभा होतो मी, मला कसा नाही आला वास?